मधुमेह व सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया

मधुमेह व सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया : रोग वा इजा नसताना केवळ रूप सुधारावे या इच्छेने करून घेतलेल्या शस्त्रक्रियेस सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया म्हणतात. पोटावरील सैल त्वचा व वसा (चरबी) काढणे, वसाशोषण (लायपोसक्शन), नाक, पापण्या व चेहरा यांचा आकार बदलणे, स्तनांचा आकार वाढविणे वा कमी करणे आणि केशरोपण हे तिचे नेहमी आढळणारे प्रकार होत. जन्मजात व्यंग, भाजणे, अपघात किंवा कर्करोग यांमुळे बिघडलेला भाग पूर्ववत करणारी पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया हिच्यापासून वेगळी मानतात; तंत्रे मात्र दोहोंत पुष्कळशी सारखीच असतात [⟶ प्लॅस्टिक शस्त्रक्रिया].

मधुमेह असणे एवढ्याच कारणाने अशी शस्त्रक्रिया वर्ज्य ठरत नाही. मधुमेह्याने शरीरास शस्त्र लावूच नये, ही समजूत जशी चुकीची आहे, तशीच गोळ्या चालू असल्या म्हणजे काळजीचे कारण नाही, ही समजूतही चुकीची आहे. निर्णायक मुद्दा वेळेचा असतो. फुटू घातलेले आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) किंवा कुजू लागलेले पाऊल यांवरील शस्त्रक्रिया थांबू शकत नाही; रक्तातील शर्करा कितीही असली, तरी ती करावीच लागते. सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया तीन महिने पुढे गेल्याने कोणाच्याही जिवास वा अवयवास धोका पोहोचत नाही. उलट, त्या तीन महिन्यांत शर्करा आटोक्यात आणता येते. निरोगी त्वचेवर स्वेच्छेने छेद घ्यावयाचा असल्याने येथे पत्करण्याजोगी जोखीम मुळातच कमी असते. म्हणून ही सवड हेच मधुमेही व्यक्तीचे सर्वांत मोठे संरक्षण होय.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सु. १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून सु. १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत असल्याचा अंदाज आहे. यांपैकी अनेकांना आपल्या रोगाची जाणीव नसते. त्यामुळे 'मला मधुमेह नाही' या रुग्णाच्या सांगण्यावर विसंबून न राहता शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी करणे इष्ट ठरते.

इतिहास : कापलेल्या नाकाच्या जागी त्वचेपासून नवे नाक तयार करण्याचा विधी आणि प्रमेह व मधुमेह यांचे विवेचन, ही दोन्ही सुश्रुतसंहितेत आढळतात. मधुमेही व्यक्तीचे व्रण कष्टाने भरून येतात, असेही त्या ग्रंथाच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. प्रस्तुत विषयाचे हे सार प्राचीन शल्यचिकित्सकांना अनुभवाने कळलेले होते.

नासासंधानाची ही परंपरा महाराष्ट्रात अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जिवंत होती. १७९२ च्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या सैन्याने पकडून नाक व एक हात कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळच्या एका पारंपरिक कारागिराने कपाळावरील त्वचेपासून तयार केले. त्याचे सचित्र वर्णन लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन  या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ही पद्धत यूरोपात ज्ञात झाली. या विधीत कपाळावरून खाली वळविलेल्या त्वचेचा देठ लगेच तोडत नाहीत. नव्या जागी रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत तो राखून ठेवतात. हलविलेल्या त्वचेस रक्त मिळत राहिले तरच ती जगते, हे प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचे मूलतत्त्व होय आणि मधुमेह नेमका याच रक्तपुरवठ्यावर आघात करतो.

इन्शुलिनाचा शोध लागण्यापूर्वी मधुमेह्यावरील मोठी शस्त्रक्रिया बहुधा नाइलाजानेच केली जात असे. जानेवारी १९२२ मध्ये टोराँटो येथे इन्शुलिनाचा मानवी रुग्णावर प्रथम उपयोग करण्यात आला आणि ही परिस्थिती पालटली. १९६८ मध्ये सॅम्युएल राहबार यांना मधुमेही व्यक्तींच्या रक्तात एक वेगळे हीमोग्लोबिन आढळले. त्यातून पुढे ग्लायकेटेड हीमोग्लोबिनाची (एचबीए१सी) चाचणी विकसित झाली. तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशीची शर्कराच नव्हे, तर मागील दोन-तीन महिन्यांतील शर्करेची सरासरीही कळू लागली.

व्रण भरण्यावर होणारा परिणाम : व्रण भरून येण्याच्या क्रियेत प्रथम दाह, नंतर नव्या ऊतकाची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाची) वाढ आणि अखेरीस त्या ऊतकाची फेररचना असे टप्पे असतात. मधुमेहाने यांतील प्रत्येक टप्पा बाधित होतो. रक्तातील ग्लुकोज फार वाढले असता श्वेत कोशिकांची जंतूंकडे सरकण्याची व त्यांना गिळण्याची शक्ती मंदावते. परिणामी जंतुसंसर्गास वाव मिळतो. व्रणास बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची निर्मिती कमी होते. शिवाय ग्लुकोजाशी संयोग पावून जुने कोलॅजेन ताठर बनते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भित्ती जाड झाल्याने ऊतकांस ऑक्सिजन अपुरा मिळतो. तंत्रिकांना (मज्जातंतूंना) इजा झालेली असल्यास वेदना जाणवत नाही, त्यामुळे घट्ट पट्टीखाली दबलेल्या वा पू होऊ लागलेल्या व्रणाची सूचना रुग्णाला उशिरा मिळते.

हे सर्व दोष एकाच स्वरूपाचे नाहीत. श्वेत कोशिकांचे मांद्य शर्करा आटोक्यात आल्यावर पुष्कळ अंशी दूर होते. रक्तवाहिन्या व तंत्रिका यांतील वर्षानुवर्षांचे बदल मात्र काही आठवड्यांच्या उपचाराने पुसले जात नाहीत. म्हणून शर्करा उत्तम असलेल्या, पण पंधरा-वीस वर्षे मधुमेह असलेल्या व्यक्तीतही अवयवांची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.

शस्त्रक्रियेचा शर्करेवर परिणाम : छेद, वेदना, भीती व उपवास यांचा ताण पडल्याने शरीरात ॲड्रेनॅलीन, कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन इ. हॉर्मोने अधिक प्रमाणात स्रवतात. ती यकृतातून ग्लुकोज बाहेर काढतात व इन्शुलिनाचा प्रभाव कमी करतात. मळमळ टाळण्यासाठी व सूज कमी करण्यासाठी देण्यात येणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडानेही पुढील सु. २४ तास शर्करा वाढलेली राहू शकते. दुसरीकडे, उपाशी असताना नेहमीची औषधे घेतली गेल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम, थरथर, गोंधळ ही तिची लक्षणे पूर्ण भूल दिलेल्या रुग्णात ओळखता येत नसल्याने वारंवार मोजणी हाच एक उपाय उरतो.

पूर्वतपासणी : पहिली पायरी म्हणजे एचबीए१सी चाचणी होय. तिचे मूल्य ७% असता रक्तातील सरासरी ग्लुकोज दर १०० मिलि.मध्ये सु. १५४ मिग्रॅ., ८% असता सु. १८३ मिग्रॅ. आणि ९% असता सु. २१२ मिग्रॅ. असते. ऐच्छिक शस्त्रक्रियेपूर्वी हे मूल्य शक्यतो ८ टक्क्यांच्या खाली असावे, अशी अमेरिकन डायबेटीस असोसिएशनची शिफारस आहे. ब्रिटनमधील मार्गदर्शनात ही मर्यादा ८.५% मानली आहे. या मर्यादा म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. ७.९% असताना धोका नाही व ८.१% असताना आहे, असा त्यांचा अर्थ होत नाही. मूल्य जसजसे वाढते, तसतशी गुंतागुंतीची शक्यता वाढत जाते. केवळ हौसेखातर करावयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी काही शल्यचिकित्सक याहून कडक मर्यादा पाळतात.

तांबड्या कोशिकांचे आयुष्य सु. १२० दिवसांचे असल्याने एचबीए१सी सुधारलेले दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. रक्तक्षय, अलीकडेच झालेले रक्ताधान, थॅलसीमिया आणि दात्रकोशिका विकार (सिकलसेल) यांत ही चाचणी फसवी ठरू शकते. विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत दात्रकोशिका विकाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने तेथील रुग्णांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. अशा वेळी घरी केलेल्या दैनंदिन मोजण्यांची नोंद किंवा फ्रुक्टोसामीन चाचणी उपयोगी पडते. शर्करा घाईने, थोड्या आठवड्यांत फार खाली आणल्यास दृष्टिपटलाचा आधीच असलेला विकार तात्पुरता वाढू शकतो. म्हणून ठरलेली तारीख गाठण्यासाठी धावपळ करण्यापेक्षा तारीखच पुढे नेणे श्रेयस्कर होय.

यानंतर हृदय, वृक्क (मूत्रपिंड), दृष्टिपटल, पावले व तंत्रिका यांची तपासणी करतात. मधुमेह्यात हृदयविकार छातीत न दुखताही असू शकतो. त्यामुळे जिना चढताना लागणाऱ्या धापेची चौकशी व विद्युत् हृल्लेख (ईसीजी) यांना महत्त्व आहे. उभे राहताच चक्कर येणे किंवा थोडे खाऊनही पोट गच्च वाटणे, ही स्वायत्त तंत्रिका तंत्राच्या विकाराची चिन्हे असू शकतात. अशा रुग्णाचे जठर उशिरा रिकामे होते व भुलेत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. नमस्काराप्रमाणे हात जोडले असता दोन्ही तळवे व बोटे एकमेकांस पूर्ण टेकत नसतील, तर सांधे ताठर झाल्याचे ते लक्षण होय. मानेचे सांधेही तसेच ताठर असल्यास श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते. या साध्या परीक्षेसाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

धूम्रपान व तंबाखू यांचा येथे विशेष विचार करावा लागतो. निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि मधुमेहाने त्या आधीच अरुंद झालेल्या असतात. दोन्ही कारणे एकत्र आल्यास उचललेल्या त्वचेची कड काळी पडून मरण्याचा धोका पुष्कळ वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर किमान चार आठवडे तंबाखू पूर्ण वर्ज्य करतात.

औषधयोजना : कोणते औषध केव्हा थांबवावे, हे मधुमेहतज्ञ व भूलतज्ञ यांनी मिळून ठरवून रुग्णास लेखी द्यावयाचे असते. सर्वसाधारण प्रघात पुढीलप्रमाणे आहे : मेटफॉर्मिन व इतर बहुतेक गोळ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी घेत नाहीत. मूत्रावाटे ग्लुकोज बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन व कॅनाग्लिफ्लोझिन किमान तीन दिवस आणि एर्टुग्लिफ्लोझिन किमान चार दिवस आधी बंद करतात. या गटाच्या औषधांमुळे उपवासकाळी रक्तात कीटोन अम्ले साचू शकतात आणि त्या वेळी शर्करा फारशी वाढलेली नसल्याने हा जीवघेणा उपद्रव ओळखू येत नाही. अकारण मळमळ, उलट्या, धाप व ग्लानी आढळल्यास शर्करा ठीक दिसत असली, तरी कीटोन तपासणे आवश्यक ठरते.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांसारखी आठवड्यातून एकदा टोचावयाची औषधे जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. ती शस्त्रक्रियेपूर्वी एक आठवडा थांबवावीत, असे अमेरिकेतील भूलतज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये सुचविले होते. २०२४ मध्ये अनेक संस्थांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शनात बहुतेक रुग्णांनी ती चालू ठेवण्यास हरकत नाही, मात्र ज्यांना धोका अधिक त्यांनी आदल्या दिवशी केवळ द्रव आहार घ्यावा, असा मध्यम मार्ग स्वीकारला आहे. वजन घटविण्यासाठी ही औषधे घेणारे अनेकजण ती आपल्या औषधांत गणत नाहीत व शल्यचिकित्सकास सांगत नाहीत. ही चूक महाग पडू शकते.

दीर्घकाळ काम करणारे इन्शुलीन बहुधा २० ते २५ टक्क्यांनी कमी करून देतात, तर मध्यम कालावधीच्या इन्शुलिनाची सकाळची मात्रा निम्मी करतात. जेवणापूर्वीचे इन्शुलीन उपाशी असताना देत नाहीत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मात्र पायाभूत इन्शुलीन एक दिवसही पूर्ण बंद करणे घातक असते.

शस्त्रक्रियेचा दिवस : मधुमेही रुग्णाची शस्त्रक्रिया सकाळी पहिल्या क्रमांकाने करतात, म्हणजे उपवास कमीत कमी घडतो. शस्त्रक्रियेच्या सुमारास ग्लुकोज दर १०० मिलि.मध्ये १०० ते १८० मिग्रॅ. राखण्याचा प्रयत्न असतो व उपाशी असेपर्यंत दर दोन ते चार तासांनी ते मोजतात. ७० मिग्रॅ.च्या खाली गेल्यास तत्काळ ग्लुकोज देतात. शर्करा याहून काटेकोरपणे निरोगी माणसाइतकी खाली ठेवणे हितावह असते, अशी एके काळी समजूत होती. तथापि अतिदक्षता विभागातील रुग्णांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाइस-शुगर या मोठ्या अभ्यासात ८१ ते १०८ मिग्रॅ. हे कडक लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. त्यामुळे मध्यम नियंत्रणाचे धोरण सर्वमान्य झाले. सकाळी शर्करा फार वाढलेली असल्यास, उदा., २५० मिग्रॅ.हून अधिक, किंवा कीटोन आढळल्यास ऐच्छिक शस्त्रक्रिया त्या दिवशी रद्द करणे हाच विवेक होय. इन्शुलीन टोचून तासाभरात आकडा खाली आणता येतो, मात्र त्याने मागील तीन महिन्यांचे नुकसान भरून निघत नाही.

प्रकारानुसार जोखीम : सर्व शस्त्रक्रियांचा धोका सारखा नसतो. चेहऱ्याला रक्तपुरवठा मुबलक असल्याने पापण्या वा नाक यांवरील लहान शस्त्रक्रियांचे व्रण तुलनेने लवकर भरतात. केशरोपण स्थानिक बधिरीकरणाखाली होते. पण ते अनेक तास चालते व त्वचेवर शेकडो सूक्ष्म छेद घेतले जातात, म्हणून तेही किरकोळ समजू नये. पोटाच्या शस्त्रक्रियेत त्वचेचा मोठा पट्टा खालील थरापासून सुटा करून ताणून शिवतात. छेदाच्या मध्यभागी रक्तपुरवठा सर्वांत कमी व ताण सर्वांत जास्त असतो. टाके उसवणे, त्वचा मरणे व द्रव साचणे हे उपद्रव तेथे अधिक दिसतात. शिवाय पायांतील नीलांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्याने रुग्णास लवकर चालवितात. स्तनात सिलिकोनाचे रोपण केले असता जंतुसंसर्ग झाल्यास ते बहुधा काढूनच टाकावे लागते.

वसाशोषणाची आधुनिक पद्धत फ्रान्समधील ईव्ह-झेरार इलूझ यांनी १९७७ च्या सुमारास प्रचारात आणली. या शस्त्रक्रियेने वसा निघून गेल्यावर मधुमेहही हटतो, असा समज आढळतो; तो निराधार आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालील सु. १० किग्रॅ. वसा काढण्यात आली. त्यांपैकी सात जणींना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होता. तरीही इन्शुलिनाच्या परिणामकारकतेत सुधारणा झाली नाही. आहार व व्यायाम यांनी घटलेल्या वजनाबरोबर यकृतातील व आतड्यांभोवतालची वसाही घटते. वसाशोषणाने ती जागच्या जागी राहते. यास्तव वसाशोषण हा मधुमेहावरील उपचार नव्हे. ज्यांनी वजन पुष्कळ घटविले आहे, त्यांनी ते काही महिने स्थिर झाल्यावरच सैल त्वचा काढून घ्यावी.

पश्चात काळजी : घरी परतल्यावरचे पहिले दोन आठवडे सर्वांत महत्त्वाचे असतात. भाताची पेज, साबुदाण्याची खीर, फळांचे रस हा 'हलका' म्हणून दिला जाणारा आहार शर्करा झपाट्याने वाढवितो. त्याऐवजी डाळी, दही, ताक, अंडी यांसारख्या प्रथिनयुक्त पदार्थांवर भर देतात. व्रण भरण्यास प्रथिने आवश्यकच असतात. वृक्कविकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण वैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावे. शर्करा दिवसातून अनेकदा मोजून नोंदवावी. कारण नसताना ती चढू लागणे हे कित्येकदा जंतुसंसर्गाचे पहिले चिन्ह असते. ताप व लाली नंतर दिसतात. व्रणाभोवती वाढती लाली, दुर्गंधी, स्राव, त्वचेचा रंग काळवंडणे, पोटरीत दुखणे वा धाप लागणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकास दाखवावे. वरवर भरलेल्या व्रणासही पुरेशी बळकटी येण्यास सु. तीन महिने लागतात, म्हणून जड वजन उचलणे त्या काळात टाळतात.

निवड व निषेध : पावलावर न भरलेला व्रण, शरीरात कोठेही चालू असलेला जंतुसंसर्ग, अलीकडेच झालेला हृदयविकाराचा झटका, उपचार न केलेला दृष्टिपटलाचा तीव्र विकार व वाढलेला वृक्कविकार असल्यास सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया करीत नाहीत किंवा लांबणीवर टाकतात. शस्त्रक्रिया करावयाची तेथे भूलतज्ञ, शर्करा व कीटोन मोजण्याची सोय आणि गरज पडल्यास रात्रभर ठेवून घेण्याची व अतिदक्षतेची व्यवस्था आहे, याची खात्री करून घ्यावी. अशा सोयी नसलेल्या सौंदर्यकेंद्रात मधुमेह्याने मोठी शस्त्रक्रिया करवून घेणे धोक्याचे असते. भारतातील आरोग्यविम्यात सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेचा खर्च सर्वसाधारणपणे अंतर्भूत नसतो; लांबलेल्या उपचारांचा भारही कुटुंबावर पडण्याची शक्यता असल्याने त्याची चौकशी आधीच करणे योग्य ठरते. मधुमेह्यास 'आता नको, तीन महिन्यांनी या' असे सांगणारा शल्यचिकित्सक त्यास नकार देत नसतो. ते तीन महिने हा शस्त्रक्रियेचाच पहिला भाग असतो.